अंत्युखियाचे चाळीस दिवस

राखेच्या बुधवारी वसईच्या ख्रिस्ती गावांत लोक कपाळावर राख लावून घेतात आणि प्रायश्चित्तकाळ सुरू होतो. गोव्यात याच दिवसांना करेज्म म्हणतात. इंग्रजीच्या वाटेने आलेला ‘लेंट’ हा शब्दही आपल्या परिचयाचा आहे. ईस्टरच्या आधीचे हे चाळीस दिवस. लग्नकार्ये थांबतात, अनेक घरांत मांसमच्छी बंद होते, शुक्रवारी क्रुसाच्या वाटेची भक्ती होते. येशूने अरण्यात चाळीस दिवस उपवास केला, त्याची ही आठवण. पण नुसती आठवण हा त्यामागचा हेतू नव्हे. या दिवसांत माणसाने ख्रिस्तासारखा विचार करायला आणि ख्रिस्तासारखे वागायला शिकावे, अशी अपेक्षा असते.

अपेक्षा मोठी आहे. चाळीस दिवसांत माणूस असे काही शिकतो का, आणि शिकला तर त्याचा घराबाहेर, बाजारात, कचेरीत, राजदरबारात काही उपयोग होतो का, हा प्रश्न श्रद्धावंतांना पडतो तसाच इतिहासाच्या अभ्यासकालाही पडायला हरकत नाही. या प्रश्नाची एक विलक्षण कसोटी इ. स. ३८७ च्या वसंतात एका शहराने दिली. एका सकाळी तेथे पुतळे पाडले गेले आणि त्यापायी अख्खे शहर मरणाच्या दारात जाऊन बसले. पुतळ्याची विटंबना झाली की काय होते, हे मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणूनही ही हकीकत आपल्याला परकी वाटणार नाही.

शहर

त्या शहराचे नाव अँटिओक. मराठी बायबलात ते ‘अंत्युखिया’ या नावाने येते. प्रेषितांच्या कृत्यांत सांगितले आहे, की येशूच्या शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव पहिल्यांदा याच गावात मिळाले. आपल्या इतिहासाशीही या शहराचा दूरचा धागा आहे. चंद्रगुप्त मौर्याशी तह करून पाचशे हत्ती घेऊन गेलेला सेल्युकस याने इ. स. पूर्व ३०० च्या सुमारास ते वसवले आणि त्याला आपल्या बापाचे नाव दिले. अशोकाच्या शिलालेखांत ज्या ‘अंतियोक’ नावाच्या यवनराजाचा उल्लेख येतो, तो याच सेल्युकसाचा वंशज.

चौथ्या शतकात अँटिओक हे रोमन साम्राज्याच्या पूर्व भागातील एक प्रमुख नगर होते. खाली ओरोंटीस नदी, वर सिल्पियस डोंगर, मध्ये खांबांच्या ओळींनी सजलेला राजरस्ता, स्नानगृहे, नाटकगृह आणि घोड्यांच्या शर्यतींचे मैदान. लोकसंख्या दोन लाखांच्या घरात असावी. ख्रिस्ती, ज्यू आणि जुन्या ग्रीक देवांना मानणारे लोक एकाच बाजारपेठेत वावरत. शहरात ग्रीक बोलली जाई, आसपासच्या खेड्यांत सिरियाक.

या नगरीत दोन मोठे वक्ते होते. एक लिबानियस. सत्तरी ओलांडलेला, जुन्या देवांवर निष्ठा असलेला, साम्राज्यभर नावाजलेला वक्तृत्वशास्त्राचा आचार्य. दुसरा जॉन, वय चाळिशीच्या आतबाहेर. तो लिबानियसचाच शिष्य, अशी परंपरा आहे. तरुणपणी त्याने डोंगरातल्या गुहेत तप केले, प्रकृती बिघडवून घेतली आणि तो शहरात परत आला. ३८६ मध्ये म्हाताऱ्या बिशप फ्लेवियनने त्याला धर्मगुरूची दीक्षा दिली. पुढच्या काळाने त्याला ‘क्रिसोस्टम’ म्हणजे सुवर्णमुख ही पदवी दिली. ३८७ मध्ये मात्र तो प्रवचनाचे काम नुकतेच हाती घेतलेला एक नवा पाद्री होता.

एक सकाळ

त्या वर्षी सम्राट थिओडोसियसने एक जादा कर बसवला. त्याचे फर्मान लेंट सुरू होण्याच्या तोंडावर अँटिओकमध्ये वाचून दाखवण्यात आले. सम्राटाच्या कारकिर्दीच्या उत्सवानिमित्त सैन्याला वाटायच्या बक्षिसांसाठी हा पैसा होता, की येऊ घातलेल्या युद्धासाठी, यावर मतभेद आहेत. आकडा ऐकून नगरसभेतली प्रतिष्ठित मंडळीच रडू लागली. हा हा म्हणता जमाव जमला. आधी तो बिशपच्या घराकडे गेला, पण बिशप भेटला नाही. मग सुभेदाराच्या वाड्याकडे वळला. वाटेत एका स्नानगृहातल्या दिव्यांच्या दोऱ्या कापल्या. नाटकगृहात पैसे घेऊन टाळ्या वाजवणाऱ्या टोळक्याने लोकांना चिथावले, असे लिबानियस म्हणतो.

मग कुणीतरी सम्राटाच्या रंगवलेल्या चित्रांवर दगड मारला. चित्रे फाटली. त्यानंतर दोर आणून ब्राँझचे पुतळे खाली ओढले गेले. पुतळे थिओडोसियसचे, त्याच्या वडिलांचे, मुलांचे आणि नुकतीच निवर्तलेली त्याची राणी फ्लासिला हिचे होते. ते रस्त्यातून फरफटत नेले, तोडले, पोरांनी त्यांचा खेळ केला. एका प्रतिष्ठिताच्या घराला आग लावण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा धनुर्धारी शिपाई आले आणि जमाव पांगला. सारा प्रकार काही तासांत आटोपला.

रोमन राज्यात सम्राटाचा पुतळा म्हणजे धातूची नुसती मूर्ती नव्हती. जेथे सम्राट जाऊ शकत नाही, तेथे त्याच्या वतीने ती उभी असे. तिच्यावर हात टाकणे हा राजद्रोह होता आणि राजद्रोहाला देहान्त. स्थानिक अधिकाऱ्यांनी लगेच धरपकड सुरू केली. काहींना तलवारीने मारले, काहींना जाळले, काहींना श्वापदांपुढे टाकले. त्यात मुलेही होती, अशी नोंद जॉनच्या प्रवचनात आहे. या मेलेल्यांपैकी एकाचेही नाव आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही. पुढे जी क्षमा आली ती यांना मिळाली नाही, एवढे ध्यानात ठेवून पुढची कथा वाचली पाहिजे.

बातमी घेऊन घोडेस्वार राजधानीकडे निघाले. सम्राट शहर जाळून टाकील, रहिवाशांची कत्तल होईल, अशा वावड्या उठल्या. ज्यांना शक्य होते त्यांनी सामान बांधून डोंगर-रान गाठले. बाजार ओस पडला. आणि अशा वेळी लेंट आला.

जिभेचा उपवास

बिशप फ्लेवियन वृद्ध होता. त्याची बहीण मरणशय्येवर होती. सण तोंडावर आलेला असताना बिशपने आपली मंडळी सोडून जाण्याचा प्रघात नव्हता. तरीही तो सम्राटाच्या पायाशी जाण्यासाठी हजारभर किलोमीटरच्या वाटेला लागला. शहरातली मंडळी जॉनच्या हाती आली.

जॉन सात दिवस गप्प राहिला. नंतर व्यासपीठावर चढला तेव्हा त्याने ईयोबाच्या मित्रांचे उदाहरण दिले. दुःख एवढे मोठे होते, की तेही सात दिवस मुक्याने बसून राहिले होते. त्यानंतर ईस्टरपर्यंत त्याने दिलेली प्रवचने ‘पुतळ्यांविषयीची प्रवचने’ म्हणून जपली गेली आहेत. लघुलेखकांनी उतरवून घेतलेली ही भाषणे वाचताना चर्चमधल्या टाळ्या, हुंदके आणि कंटाळादेखील ऐकू येतो.

भीतीने गर्दी केलेल्या लोकांना त्याने काय सांगितले? सम्राट क्षमा करील असा दिलासा त्याने दिला, मृत्यूचे भय कसे घालवावे हेही सांगितले. पण तो पुन्हा पुन्हा परत येतो तो एका अगदी घरगुती विषयाकडे, माणसाच्या जिभेकडे. या लेंटमध्ये तीन गोष्टी साधा, असे तो म्हणतो : कुणाची निंदा करू नका, कुणाशी वैर धरू नका आणि ऊठसूट शपथ घेण्याची सवय सोडा.

उपवासाची त्याची व्याख्या प्रसिद्ध आहे. उपवास एकट्या तोंडाने करून भागत नाही. डोळ्यांनी, कानांनी, पायांनी, हातांनी, साऱ्या अवयवांनी तो करायचा असतो. पक्षी आणि मासे वर्ज्य करायचे आणि आपल्याच भावाचे लचके तोडायचे, याला काय अर्थ, असा त्याचा सवाल होता. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी खाता खाता शेजारणीची उणीदुणी काढणारी माणसे आपण पाहिलेली आहेत. चौथ्या शतकातले अँटिओक त्याहून निराळे नव्हते. जेवण झाले म्हणून प्रवचनाला येण्याची लाज वाटणाऱ्यांना तो सांगतो, की जेवून आलात तरी या. पोट भरलेला पण शिकायला तयार असलेला माणूस त्याला चालत होता.

शपथेचा विषय त्याने इतका ताणला, की श्रोते कंटाळले. आपण तेच तेच बोलतो हे त्यालाही ठाऊक होते. पण सवय सुटेपर्यंत विषय सुटणार नाही, असे तो बजावतो. उपायही सुचवतो. तोंडातून शपथ गेली तर त्या रात्री जेवू नका, जिभेच्या चुकीचा दंड जिभेनेच भरावा. शहरावर तलवार लटकत असताना शपथेसारखी बारीक गोष्ट कशाला, असे आपल्याला वाटेल. जॉनचे गणित वेगळे होते. शहर संकटात आले ते काय विचाराने? कुणी कट केला नव्हता. एक शब्द, त्यावर दुसरा शब्द, मग एक दगड. हेरोद राजाने मेजवानीत शपथ घातली आणि त्या शपथेपायी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिर तबकात आले, ही गोष्ट त्याने त्यासाठीच सांगितली. शब्द तोंडाबाहेर पडण्याआधी क्षणभर थांबणे, एवढीच त्याची पहिली इयत्ता होती. दगड उचलण्याआधी, सही करण्याआधी थांबणे हे पुढच्या इयत्तांचे धडे.

या गुरूची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दंगलीच्या थोडे आधी दिलेल्या पहिल्याच प्रवचनात, रस्त्यात कुणी देवाची निंदा करताना दिसला तर त्याच्या थोबाडीत द्या, असे त्याने श्रोत्यांना सांगितले होते. ३८६ आणि ३८७ या वर्षांत याच शहरात त्याने ज्यूंविरुद्ध जी प्रवचने झोडली, त्यांची भाषा आज वाचवत नाही. शतकानुशतके ती द्वेषाला इंधन पुरवत राहिली. निंदेचा उपवास शिकवणाऱ्याला स्वतःची जीभ सर्व शेजाऱ्यांच्या बाबतीत आवरता आली नाही. शिकवण आणि शिकवणारा यांच्यातले हे अंतर झाकून ठेवण्यात काही अर्थ नाही.

डोंगरावरून उतरलेली माणसे

लेंट चालू असतानाच सम्राटाचे दोन अधिकारी चौकशीसाठी आले : सेनापती हेलेबिकस आणि दरबारातला मुख्य अधिकारी सीझेरियस. त्यांनी शिक्षा जाहीर केल्या. अँटिओकचा राजधानीचा दर्जा काढून ते शेजारच्या लाओदिकियाच्या हाताखाली देण्यात आले. स्नानगृहे, नाटकगृह, शर्यतीचे मैदान बंद. गरिबांना मिळणारी भाकरी बंद. मग न्यायासन मांडले गेले आणि नगरसभेच्या सदस्यांची चौकशी सुरू झाली. आत फटक्यांचे आवाज, बाहेर नातलग. एका आरोपीची आई आणि बहीण न्यायालयाच्या उंबऱ्यापाशी धुळीत पडल्या होत्या. घरंदाज बायका, पण त्यांच्या भोवती ना दासी ना शेजारीण. जॉनने हे दृश्य स्वतः पाहिले आणि दुसऱ्या दिवशी ते लोकांसमोर ठेवले.

येथे कायद्याचा एक मुद्दा नोंदवला पाहिजे. थिओडोसियसनेच सात वर्षांपूर्वी, ३८० च्या मार्चमध्ये, ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत फौजदारी चौकशा थांबवाव्यात असा हुकूम काढला होता. पुढे तयार झालेल्या थिओडोसियन संहितेत तो नोंदलेला आहे. म्हणजे लेंटमध्ये राज्यानेही हात आवरावा, ही कल्पना कागदावर आलेली होती. अँटिओकमध्ये मात्र ऐन लेंटमध्ये न्यायासन मांडले गेले. राजाचा अपमान झाला की कागदावरचा लेंट गळून पडतो, असा याचा अर्थ.

मग अनपेक्षित माणसे शहरात आली. डोंगरातल्या गुहांत वर्षानुवर्षे राहणारे बैरागी खाली उतरले. शहरातले तत्त्ववेत्ते पळून जात होते, तेव्हा हे लोक आत येत होते, असे जॉन टोमण्याने सांगतो. त्यांच्यातल्या मॅसेडोनियसची हकीकत अँटिओकातच पुढे जन्मलेल्या थिओडोरेट या इतिहासकाराने दिली आहे. मॅसेडोनियस भिजवलेले जव खाऊन राही, म्हणून लोक त्याला ‘जवखाऊ’ म्हणत. त्याला ग्रीक येत नव्हते, अक्षरओळख नव्हती. भर रस्त्यात त्याने एका अधिकाऱ्याचा झगा धरला आणि दोघांनाही घोड्यावरून उतरायला सांगितले. हा चिंध्या पांघरलेला म्हातारा कोण, म्हणून ते आधी रागावले. ओळख पटल्यावर मात्र खाली उतरले.

तो सिरियाकमध्ये बोलला आणि कुणीतरी त्याचे ग्रीक केले. त्याच्या बोलण्याचा मथितार्थ असा होता : सम्राटाला सांगा, की तूही माणूस आहेस. ब्राँझच्या मूर्ती पाडल्या म्हणून तू चिडलास. त्या मूर्ती पुन्हा ओतता येतात, उभ्याही राहिल्या आहेत. पण माणूस ही देवाची मूर्ती आहे. ती मोडलीस तर तिच्या डोक्यावरचा एक केसदेखील तुला पुन्हा करता येणार नाही. जॉनच्या प्रवचनातही बैराग्यांच्या तोंडी हाच युक्तिवाद आहे.

ख्रिस्तासारखा विचार करणे म्हणजे काय, याचे या साऱ्या प्रकरणातले सर्वांत स्वच्छ उत्तर एका निरक्षर माणसाने दिले. त्यात पांडित्य काही नाही. किमतीचा हिशेब मात्र उलटा झाला आहे. साम्राज्याच्या हिशेबात पुतळा महाग होता आणि पुतळा पाडणारा स्वस्त.

अधिकाऱ्यांनी निकाल लांबणीवर टाकला. कैदी कोठडीत राहिले, पण मारले गेले नाहीत. सम्राटाचा अंतिम शब्द आणण्यासाठी सीझेरियस स्वतः वेगाने कॉन्स्टॅन्टिनोपलकडे निघाला.

सम्राटापुढे म्हातारा

फ्लेवियन दरबारात पोहोचला तेव्हा सम्राटापासून दूर, मान खाली घालून उभा राहिला, काही न बोलता रडत. पुढच्या संवादाची हकीकत जॉनने ईस्टरच्या प्रवचनात सांगितली. आपण ती दरबारात हजर असलेल्या एकाकडून ऐकली, असे तो म्हणतो. सम्राटाने रागापेक्षा दुखावल्याचा सूर लावला. या शहरावर मी एवढे उपकार केले, माझे काही चुकले असेल तर माझ्यावर राग काढायचा, मेलेल्यांच्या प्रतिमांनी काय केले होते?

बिशपने गुन्हा नाकारला नाही. त्याने कॉन्स्टन्टाइनची आठवण दिली. त्याच्या पुतळ्याच्या तोंडावर दगड मारल्याचे कळले, तेव्हा त्याने आपल्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि मला तर कुठे जखम दिसत नाही, असे तो हसून म्हणाला होता. मग फ्लेवियनने सम्राटाला त्याचेच शब्द परत केले. मागे एका ईस्टरला कैद्यांच्या सुटकेचे फर्मान काढताना, मेलेल्यांनाही उठवता आले असते तर बरे झाले असते, असे थिओडोसियसने लिहिले होते. आता ती संधी आली आहे, बिशप म्हणाला; एक अख्खे शहर मेल्यासारखे पडले आहे. ग्रीक आणि ज्यू पाहत आहेत. तुम्ही दया दाखवलीत तर हा कुठला देव, जो राजाचा हात धरून ठेवतो, असे ते म्हणतील.

जॉनच्या कथनाप्रमाणे सम्राटाला रडू आवरले नाही. जगाचा स्वामी दास होऊन आला, ज्यांच्यावर उपकार केले त्यांच्याच हातून क्रुसावर चढला आणि त्यांच्यासाठीच त्याने क्षमेची प्रार्थना केली. मग आपण माणसांनी माणसांना क्षमा केली तर त्यात नवल ते काय, असे त्याचे उत्तर होते. त्याने बिशपला घाईने परत पाठवले, सणाला तो आपल्या लोकांत असावा म्हणून. वाटेत फ्लेवियनला आपली चाल मंद वाटली. आनंदाची बातमी आपल्याच तोंडून जावी असा हट्ट न धरता त्याने घोडेस्वार पुढे पाठवले.

बातमी आली तेव्हा लोकांनी चौकात माळा बांधल्या, दिवे लावले, दुकानांपुढे हिरव्या पाल्याच्या बैठका अंथरल्या. दिवाळीच्या अंकात हे वर्णन वाचताना डोळ्यांपुढे चित्र आपोआप उभे राहते. ईस्टरच्या दिवशी जॉन लोकांना म्हणाला, की हे दिवे विझू देऊ नका, ते आपल्या वागण्यात लावा.

दोन साक्षीदार

ही कथा इतकी नेटकी आहे, की अभ्यासकाने येथे थांबून शंका घेतली पाहिजे. जॉनच्या कथनात शहर वाचवले ते बिशपने आणि बैराग्यांनी. लिबानियसनेही या प्रकरणावर भाषणे लिहिली. त्यांत श्रेय आहे सीझेरियस आणि हेलेबिकस यांच्या सौम्यपणाला. फ्लेवियनला त्यांत स्थान नाही. खुद्द सम्राटाला उद्देशून लिबानियसने लिहिलेले भाषण दरबारात कधी झालेच नाही, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे दोन्ही पक्ष श्रेयासाठी लढत होते. फ्रान्स फान द पाव्हर्ड यांनी १९९१ साली या प्रवचनांचा क्रम नव्याने लावला. पीटर ब्राउन यांनी पुढच्याच वर्षी दाखवून दिले, की चौथ्या शतकाच्या शेवटी राजाचा राग शांत करण्याचे जुने काम सुशिक्षित ग्रीक वक्त्यांकडून बिशपांकडे आणि बैराग्यांकडे सरकत होते. अँटिओकची घटना त्या सरकण्याचा ठळक नमुना.

सम्राटाचे राजकीय हिशेबही होते. पश्चिमेत मॅक्सिमस हा प्रतिस्पर्धी बसलेला असताना पूर्वेतले एवढे मोठे शहर बेचिराख करणे परवडणारे नव्हते. हे सगळे मान्य करूनही एक गोष्ट उरते. दोन्ही साक्षीदार एका बाबतीत सहमत आहेत, की शहर वाचले ते वेळ मिळाल्यामुळे. बातमी नेणारे घोडेस्वार वाटेत अडखळले, चौकशी करणाऱ्यांनी निकाल रोखून धरला, कुणीतरी गेला, कुणीतरी परत आला. राग आणि आज्ञा यांच्यामध्ये काही आठवडे पसरले. त्या आठवड्यांत भुकेली, घाबरलेली माणसे रोज एका जागी जमून बोलण्याआधी थांबायला शिकत होती.

थेस्सलनीका

पण कसोटी येथे संपत नाही. ३८९ च्या सप्टेंबरात थिओडोसियसने आणखी एक कायदा केला : लेंटच्या पवित्र दिवसांत कुणालाही शारीरिक शिक्षा देऊ नये. अँटिओकचा धडा त्याने कायद्यात उतरवला, असे म्हणण्याचा मोह होतो. त्यानंतर वर्षही उलटले नाही तोच, ३९० मध्ये, थेस्सलनीकामध्ये एका लोकप्रिय सारथ्याला तुरुंगात टाकल्यावरून जमावाने बुथेरिक या सेनाधिकाऱ्याला ठार मारले. सम्राटाने सूडाची आज्ञा दिली. नंतर ती मागे घेतली, पण तोवर उशीर झाला होता. सैनिकांनी नगरवासीयांची कत्तल केली. थिओडोरेट मृतांचा आकडा सात हजार सांगतो. तो अचूक नसला तरी कत्तल खरी आहे.

तोच सम्राट, तशीच दंगल. फरक असा, की यावेळी मध्ये वेळ नव्हता आणि झगा धरणारे कुणी नव्हते. मिलानचा बिशप अँब्रोस याने त्याला पत्र लिहून कळवले, की प्रायश्चित्त घेतल्याशिवाय तुला पवित्र भोजन देता येणार नाही. राजचिन्हे उतरवून सम्राटाने लोकांसमोर पश्चात्ताप केला. याच प्रकरणातून एक कायदा निघाला, असे थिओडोरेट सांगतो : सम्राटाने नेहमीपेक्षा कठोर शिक्षा फर्मावली तर ती तीस दिवस अमलात आणू नये. संहितेत त्या कायद्यावर ३८२ चे साल आहे, पण अनेक अभ्यासक तो ३९० चाच मानतात. तसे असेल तर त्याचा अर्थ मोठा आहे. आपल्याला क्षमा शिकता आली नाही, निदान थांबणे तरी दुसऱ्यांकडून सक्तीने करवून घ्यावे, अशी कबुली एका सम्राटाने आपल्या सहीनिशी दिली.

शिकणे म्हणजे काय

३८७ च्या त्याच लेंटमध्ये मिलानमध्ये ऑगस्टीन नावाचा एक वक्तृत्वाचा माजी प्राध्यापक अँब्रोसकडे बाप्तिस्म्याची तयारी करत होता. २४ एप्रिलच्या रात्री त्याचा बाप्तिस्मा झाला. ख्रिस्ती मनाच्या घडणीचा इतिहास लिहिताना सगळ्यांचे लक्ष त्या एका माणसाकडे जाते, आणि ते योग्यच आहे. अँटिओकचा लेंट मात्र एका शहराचा होता. तेथे कुणाचे नाट्यमय परिवर्तन झाले, अशी नोंद नाही. शपथा पुढेही चालू राहिल्या असणार. नाटकगृह उघडले आणि गर्दी पुन्हा तिकडे गेली. जॉन ३९८ मध्ये राजधानीचा बिशप झाला, दरबारावर टीका केली म्हणून हद्दपार झाला आणि ४०७ मध्ये वाटेतच मेला. तेव्हा त्याच्यासाठी वेळ मागणारे लोक कमी पडले.

मग त्या चाळीस दिवसांनी काय शिकवले? ख्रिस्तासारखे होणे म्हणजे कोमल भावनेची एखादी लाट येणे, असे आपण समजतो. अँटिओकची साधने पाहिली तर ते फार सावकाश आणि रोजचे काम दिसते. जीभ आवरायची, वैर एका दिवसाने पुढे ढकलायचे, तोंडावर आलेली शपथ गिळायची, आणि राग अनावर झालेल्या माणसाचा झगा धरून त्याला घोड्यावरून खाली उतरायला सांगायचे. हे शिक्षण टिकाऊ नसते. थिओडोसियस तीन वर्षांत विसरला. म्हणूनच बहुधा लेंट दर वर्षी येतो.

आज त्या शहराचे नाव अंताक्या आहे आणि ते तुर्कस्तानात आहे. ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात ते जवळजवळ पुरते कोसळले. थिओडोसियसचे पुतळे तर कधीच नाहीसे झाले. जव खाणाऱ्या म्हाताऱ्याचे बोलणे मात्र सिरियाकमधून ग्रीकमध्ये, ग्रीकमधून लॅटिनमध्ये आणि आता मराठीत आपल्यापर्यंत आले आहे. पुतळा पुन्हा उभारता येतो. माणसाचा एक केसही पुन्हा करता येत नाही. एवढे कळायला चाळीस दिवस पुरेसे आहेत की नाहीत, याचा निकाल अजून लागायचा आहे.